वाचकांचे प्रश्न : एकसारख्या दिसणाऱ्या प्रोसेसरांतून निवड

प्रश्न : माझ्या घरच्या संगणकात ‘रायझन ३ १२००’ हा चार कोअरचा प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम आणि ‘जीटीएक्स १०५० टीआय’ हे ४ जीबीचे ग्राफिक्स कार्ड आहे. हा प्रोसेसर विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत नाही, म्हणून मदरबोर्ड तोच ठेवून फक्त प्रोसेसर बदलायचा आहे. कागदपत्रे, ब्राउझरमध्ये एकाच वेळी उघडे असलेले वीस-पंचवीस टॅब, मुलीच्या प्रकल्पांसाठी थोडे व्हिडिओ संपादन आणि सुटीच्या दिवशी गेम, एवढे काम असते. ‘रायझन ५ ५५००’, ‘५६००’ आणि ‘५६००जी’ हे तिन्ही सहा कोअरचे प्रोसेसर माझ्या आवाक्यात आहेत. त्यांत नेमका फरक काय, आणि मी कोणता घ्यावा?

उत्तर : आपल्या संगणकापुरते सांगायचे, तर पुढच्या दोन-तीन वर्षांत ग्राफिक्स कार्ड बदलण्याचा विचार असेल तर ५६०० घ्यावा, तसा विचार नसेल तर ५५०० पुरेसा आहे, आणि ५६००जी आपल्या कामाचा नाही. या उत्तरामागची कारणे मात्र समजून घ्यावीत, कारण प्रोसेसरच्या नावावरून किंवा खोक्यावर छापलेल्या गिगाहर्ट्झच्या आकड्यावरून ती कळत नाहीत.

तिन्ही प्रोसेसर झेन ३ या एकाच रचनेवर आधारलेले आहेत. तिन्हींमध्ये सहा कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि बारा थ्रेड (एकाच वेळी हाताळता येणारे कामांचे धागे) आहेत आणि तिन्हींची उष्णतामर्यादा ६५ वॉट आहे. आपल्या सध्याच्या प्रोसेसरचीही मर्यादा तेवढीच असल्यामुळे पॉवर सप्लाय सुस्थितीत असेल तर तो बदलण्याची गरज नाही. कमाल वेग ५५०० चा ४.२ गिगाहर्ट्झ आणि इतर दोघांचा ४.४ गिगाहर्ट्झ आहे. हा फरक पाच टक्क्यांच्याही आतला असून रोजच्या कामात तो हाताला जाणवत नाही.

खरा फरक एल३ कॅशेमध्ये आहे. ५६०० मध्ये ती ३२ एमबी आहे, तर ५५०० आणि ५६००जी या दोघांमध्ये १६ एमबी. कारण उघड आहे : ५५०० हा मुळात ५६००जीच्याच घराण्यातला असून त्यातला ग्राफिक्सचा भाग बंद ठेवलेला आहे, तर ५६०० ची चिप निराळी आहे. नावे पाहिली तर ५६०० आणि ५६००जी सख्खी भावंडे वाटतात; प्रत्यक्षात ५६००जीचे सख्खे नाते ५५०० शी आहे. कॅशे म्हणजे कोअरला वारंवार लागणारी माहिती प्रोसेसरच्या आतच ठेवण्याची जागा. हवी ती माहिती तिथे सापडली नाही की रॅमपर्यंत जावे लागते आणि तेवढा वेळ कोअर थांबून राहतो. पत्र लिहिताना किंवा हिशेबाची शीट भरताना या थांबण्याचा पत्ताही लागत नाही. गेममध्ये मात्र शेकडो वस्तूंची स्थिती दर सेकंदाला अनेकदा नव्याने मोजावी लागते आणि तीच तीच माहिती पुन्हा पुन्हा लागते, म्हणून तिथे दुप्पट कॅशेचा उपयोग स्पष्ट दिसतो. पण तोही ग्राफिक्स कार्ड पुरेसे वेगवान असेल तरच. आपले १०५० टीआय हे २०१६ चे कार्ड आहे. आजच्या जड गेममध्ये ते स्वतःच आधी थकेल आणि प्रोसेसर त्याची वाट पाहत राहील, मग तो ५५०० असो की ५६००. उद्या चांगले कार्ड बसवले की मात्र ५५०० ची कमतरता उघडी पडू लागेल, आणि तेव्हा पुन्हा प्रोसेसर बदलणे फार जिवावर येईल.

दुसरा फरक पीसीआय एक्सप्रेसचा, म्हणजे ग्राफिक्स कार्ड ज्या जोडणीतून प्रोसेसरशी बोलते तिचा. ५६०० हा या जोडणीच्या चौथ्या पिढीचा आहे आणि इतर दोघे तिसऱ्या पिढीचे आहेत. चौथ्या पिढीत प्रत्येक मार्गिकेचा, म्हणजे माहिती जाण्यायेण्याच्या वाटेचा, वेग दुप्पट असतो. तुलनेच्या तक्त्यांत ही ओळ ठळकपणे दाखवली जाते. आपला बी४५० मदरबोर्ड मात्र तिसऱ्या पिढीपर्यंतच जातो, त्यामुळे या ओळीसाठी आपण एक पैसाही जास्त मोजू नये. ज्यांच्याकडे बी५५० मदरबोर्ड आहे आणि ज्यांचे कार्ड ‘आरएक्स ६५०० एक्सटी’सारखे केवळ चार मार्गिकांवर चालणारे आहे, त्यांच्यासाठी हाच मुद्दा निर्णायक ठरतो, कारण चार मार्गिका आणि त्यातही अर्धा वेग मिळाला की ४ जीबीच्या त्या कार्डाचा श्वास कोंडतो. एकच वैशिष्ट्य एका घरी निरुपयोगी आणि दुसऱ्या घरी मोलाचे ठरते ते असे, आणि म्हणूनच ‘कोणता चांगला’ या प्रश्नाला मदरबोर्ड आणि कार्ड विचारल्याशिवाय मी कधीही उत्तर देत नाही.

५६००जीमध्ये ग्राफिक्स आतच आहे आणि ज्यांच्याकडे वेगळे कार्ड नाही त्यांच्यासाठी तो उत्तम प्रोसेसर आहे. पण हे ग्राफिक्स आपल्या १०५० टीआयपेक्षा दुबळे आहे आणि शिवाय स्वतःच्या कामासाठी रॅममधलाच वाटा घेते. आपले कार्ड अधूनमधून पडद्यावर रेघा दाखवत असेल, म्हणजे अखेरच्या घटका मोजत असेल, तर गोष्ट वेगळी. तसे नसेल तर त्यासाठी पैसे देऊ नयेत.

प्रोसेसर मागवण्यापूर्वी एक काम अवश्य करावे. नेहमीचे पंचवीस टॅब उघडावेत, व्हिडिओचे काम सुरू करावे आणि टास्क मॅनेजरमधला ‘परफॉर्मन्स’ हा भाग पाच मिनिटे शांतपणे पाहत बसावे. माझ्या एका नातेवाइकांच्या घरी मी हेच केले होते. ते प्रोसेसर बदलायलाच निघाले होते आणि पडद्यावर दिसत होते ते असे, की प्रोसेसरचा आलेख तीस टक्क्यांच्या आसपास रेंगाळत होता, रॅम जवळजवळ भरलेली होती आणि हार्ड डिस्कचा आलेख शंभराला टेकून सपाट झाला होता. रॅम अपुरी पडल्यामुळे विंडोज सतत डिस्कवर माहिती हलवत होती. त्यांना रॅम आणि एसएसडी हवी होती. प्रोसेसर तसाच राहिला आणि संगणक सुरू होताना होणारा, चहा करून होईल एवढा खोळंबाही संपला. आपल्याला विंडोज ११ साठी प्रोसेसर बदलणे भाग आहे हे खरे, कारण विंडोज १० ची नेहमीची सुरक्षासेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. तरीही ८ जीबीच्या एकट्या रॅमवर सहा कोअरचा प्रोसेसर बसवून पूर्ण फायदा मिळणार नाही. तेवढ्याच वेगाची दुसरी ८ जीबीची रॅम जोडली की एकूण रॅम १६ जीबी होते आणि माहितीची ये-जा दोन वाहिन्यांतून होऊ लागते. ५६०० आणि ५५०० यांच्या किमतींतल्या फरकात ही रॅम बसत असेल, तर नवे कार्ड घेण्याचा बेत नसलेल्या माणसाने ५५०० आणि रॅम हीच जोडी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता प्रत्यक्ष बदलाविषयी, कारण नुकसान होते ते इथेच. मदरबोर्ड उत्पादकाच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलची प्रोसेसर-यादी असते आणि प्रत्येक नावापुढे बायोसची (संगणक सुरू करणाऱ्या, मदरबोर्डवरच्या मूळ प्रणालीची) किमान आवृत्ती दिलेली असते. ती पाहून जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अद्ययावत करावे. नवा बसवल्यावर जुन्या बायोसला तो ओळखताच येणार नाही आणि पडदा काळा राहील. काही बी४५० मदरबोर्डांच्या बायोस चिपमध्ये जागा कमी असल्यामुळे नव्या आवृत्तीतून जुन्या प्रोसेसरांचा आधार काढलेला असतो, म्हणून आवृत्तीखालची सूचना शब्दन् शब्द वाचावी. विंडोजचे ड्राइव्ह-एन्क्रिप्शन सुरू असेल तर ते आधी तात्पुरते थांबवावे आणि रिकव्हरी की, म्हणजे कुलूप उघडण्याचा लांबलचक आकडा, कागदावर लिहून ठेवावी. सुरक्षेच्या किल्ल्या जुन्या प्रोसेसरशी बांधलेल्या असतात; नवा बसवल्यावर पहिल्याच वेळी त्या पुसाव्यात का, असा प्रश्न पडद्यावर येतो आणि लिहून ठेवलेली की नसेल तर डिस्कवरचे सारे फोटो कुलूपबंद होऊ शकतात.

पंखा काढताना घाई करू नये. या प्रोसेसरांच्या पोटाखाली तेराशेहून अधिक बारीक पिना असतात, आणि पंखा व प्रोसेसर यांच्या मधली थर्मल पेस्ट (उष्णता पंख्याकडे नेणारा लेप) वाळून घट्ट झालेली असते. पंखा सरळ वर ओढला तर खटका लावलेला असतानाही प्रोसेसर सॉकेटमधून, म्हणजे मदरबोर्डवरच्या आपल्या बैठकीतून, उपटून पंख्याला चिकटून बाहेर येतो. माझ्या हातून एकदा असे झाले आणि कोपऱ्यातल्या तीन पिना वाकल्या. रिकाम्या लेड पेन्सिलीचे टोक एकेका पिनेवर चढवून केसाएवढ्या अंतराने त्या सरळ करण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली. तेव्हापासून मी आधी दहा-पंधरा मिनिटे जड काम लावून प्रोसेसर तापवतो, मग संगणक बंद करून, वायर काढून, पंखा डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सैल करतो आणि मगच उचलतो. चार स्क्रू सुटले की मदरबोर्डमागची धातूची पट्टीही मोकळी होते; तिला मागून हात लावून ठेवावा.

प्रश्न : नवा संगणक जुळवताना ‘कोअर आय३-१२१००एफ’ घ्यावा की नव्या पिढीचा ‘१३१००एफ’ किंवा ‘१४१००एफ’? दोन पिढ्यांचा फरक म्हणजे बराच फरक असणार, असे वाटते.

उत्तर : पिढीचा आकडा बदलला असला तरी आतली रचना फारशी बदललेली नाही. तिघांतही चार कोअर, आठ थ्रेड आणि १२ एमबी एल३ कॅशे आहे. बदलतो तो कमाल वेग : अनुक्रमे ४.३, ४.५ आणि ४.७ गिगाहर्ट्झ. म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्यात नऊ टक्क्यांच्या आसपास फरक. किमतीतला फरक त्याहून जास्त असेल तर १२१००एफ घ्यावा, आणि उरलेले पैसे ‘आय५-१२४००एफ’ कडे नेत असतील तर तोच घ्यावा. त्यात सहा कोअर आणि १८ एमबी कॅशे आहे, आणि ही वाढ नावापुरती नाही. नावातल्या ‘एफ’कडे विशेष लक्ष द्यावे. त्याचा अर्थ आत ग्राफिक्स नाही, म्हणजे वेगळे कार्ड नसेल तर पडद्यावर काहीच दिसणार नाही. गेम न खेळणाऱ्या घरासाठी ‘एफ’ नसलेला १२१०० हाच योग्य, आणि व्हिडिओ तयार करतानाही त्यातल्या ग्राफिक्सची चांगली मदत होते.

प्रश्न : माझ्याकडे सहाव्या पिढीचा ‘आय५-६५००’ आहे. सॉकेट एलजीए ११५१. त्याच सॉकेटचा आठव्या पिढीचा ‘आय५-८४००’ जुन्या बाजारात मिळतो आहे. तो बसेल का?

उत्तर : सॉकेटमध्ये तो शिरेल, पण चालणार नाही. नाव तेच ठेवले असले तरी आठव्या पिढीसाठी पिनांची वाटणी बदलली आणि ३०० मालिकेचा चिपसेट आवश्यक ठरला. आपल्या मदरबोर्डावर ‘आय७-६७००’, किंवा बायोस अद्ययावत केल्यास ‘आय७-७७००’ चालू शकेल. परंतु हे दोन्ही विंडोज ११ च्या यादीत नाहीत आणि जुन्या बाजारातही त्यांना मागणी असल्यामुळे ते स्वस्तात मिळत नाहीत. विक्रेता ‘सॉकेट एकच आहे’ असे सांगत असेल तर त्याच्याकडून मदरबोर्डाचे मॉडेल लिहून घ्यावे आणि उत्पादकाच्या यादीत ८४०० चे नाव स्वतः शोधून पाहावे.