जर्मनीला यायचंय, पण कोणत्या व्हिसावर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुणे विद्यापीठाची मेकॅनिकलची बी.ई., चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत बारा वर्षं, वय ३६, बायको, तिसरीतली मुलगी, आणि म्युनिकला यायचा विचार. टुरिस्ट व्हिसावर येऊन नोकरी शोधावी, चान्सेनकार्टे (तिथे राहून नोकरी शोधायचा परवाना) घ्यावं, की कंपनी ऑनसाइट पाठवतेय त्याला हो म्हणावं? फीची कोष्टकं आणि कागदांच्या याद्या दूतावासाच्या साइटवर आहेत, त्या इथे उतरवत बसत नाही. उत्तर तरीही लांबणार आहे. मुलीचा उल्लेख तुम्ही दोन शब्दांत उरकलाय आणि माझ्या मते अवघड भाग तिथेच आहे.

टुरिस्टचं आधी मिटवू. शेंगेन व्हिसा म्हणजे कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. शहर बघा, भाड्यांचा अंदाज घ्या, शाळा बाहेरून बघा. पण नोकरीची ऑफर हातात पडली तरी भारतीय पासपोर्टवर तो व्हिसा इथल्या इथे कामाच्या परवान्यात बदलून मिळत नाही. परत जायचं आणि तिथून नॅशनल, म्हणजे दीर्घ मुदतीच्या, व्हिसाचा अर्ज करायचा. ‘तिकडे गेलं की कन्व्हर्ट होतो’ असं सांगणाऱ्या एजंटला कायद्याचं कलम विचारा, तो लगेच चहा मागवेल.

चान्सेनकार्टे १ जून २०२४ पासून आलं आणि त्यासाठी लागणाऱ्या सहा गुणांची सगळे बेरीज करत सुटले. तुम्हाला ती बहुधा करावीच लागणार नाही. अनाबिन या परदेशी विद्यापीठांच्या सरकारी यादीत पुणे विद्यापीठ ‘एच प्लस’, म्हणजे मान्यताप्राप्त, आहे. झाब या संस्थेकडून पदवीच्या समकक्षतेचं पत्र (२०८ युरो) मिळालं की तुम्ही कायद्याने ‘फाखक्राफ्ट’, म्हणजे कुशल कामगार, ठरता आणि सहा गुणांची अट उरत नाही. पत्र नसेल तर हिशेब असा: वय ३५ ते ४० ला १, गेल्या सात वर्षांत पदवीशी संबंधित पाच वर्षांच्या अनुभवाला ३, इंजिनिअर हा टंचाईचा पेशा म्हणून १. झाले पाच. सहावा जर्मनची ए-टू पातळी (ए-वन सर्वांत सोपी, मग ए-टू, मग बी-वन) केलीत की येतो.

पण मिळतंय म्हणून घ्यायचं का? खर्चाची सोय म्हणून २०२५ च्या दराने महिना १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३,०९२, बहुतेक जण ब्लॉक्ड खात्यात (यातून दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते) आधी भरून ठेवतात. मुदत एक वर्ष, काम आठवड्याला २० तासांपर्यंत. बायको-मुलगी त्या वर्षात पुण्यातच, असं धरून चाला. पंचविशीतल्या सड्याफटिंगाला ही उत्तम योजना आहे. तुम्ही मात्र चालू नोकरी सोडून म्युनिकच्या भाड्यात बचत जाळणार, आणि नोकरीचे अर्ज तर चाकणहूनही करता येतात.

आता ऑनसाइट. कंपनीच्या पत्रात ‘आय.सी.टी. कार्ड’ (कंपनीअंतर्गत बदलीचा परवाना) लिहिलंय का, ते आधी बघा. ते कार्ड कंपनीला बांधलेलं असतं आणि स्पेशालिस्टला जास्तीत जास्त तीन वर्षं मिळतं. करार भारतातल्या कंपनीशीच राहतो. त्यातली मेख पगाराच्या स्लिपवर दिसते. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार मे २०१७ पासून लागू आहे, त्यामुळे कंपनी प्रमाणपत्र काढून ४८ महिन्यांपर्यंत तुमचा पी.एफ. भारतातच भरू शकते. हातात पैसे बरे येतात, पण जर्मन पेन्शन खात्यात काही जमा होत नाही आणि कायमच्या वास्तव्याच्या हिशेबात ते महिने धरत नाहीत. तीन वर्षं राहून तुम्ही कागदावर तिथेच असता, मुलगी मात्र सहावीत पोचलेली असते. मधेच जर्मन कंपनीची ऑफर मिळवून ब्लू कार्डावर, म्हणजे पदवीधरांच्या कामाच्या परवान्यावर, जाता येतं, पण ते सगळं तुमच्या धडपडीवर.

म्हणून माझं मत: ब्लू कार्ड, आणि तेही भारतातून. २०२६ साली त्यासाठी वार्षिक ग्रॉस पगार ५०,७०० युरो लागतो, इंजिनिअरसारख्या टंचाईच्या पेशांना ४५,९३४.२०. आकडा दर जानेवारीत वाढतो, तेव्हा काठावरची ऑफर घेऊ नका. पक्का ठरलेला पगार धरतात, ‘कामगिरीवर अवलंबून’ असलेला बोनस धरत नाहीत, आणि गाडी नेमकी इथेच अडते. करार किमान सहा महिन्यांचा हवा. बायकोला ए-वनची अट नाही आणि आल्या दिवसापासून ती कुठलंही काम करू शकते. ब्लू कार्डावर २७ महिन्यांत कायमचं वास्तव्य मिळू शकतं, बी-वन जर्मन असेल तर २१ महिन्यांत. तेव्हा बोट क्लब रोडवरच्या मॅक्स म्युलर भवनात दोघांनीही आजच नाव घाला. अट नाही म्हणून भाषा टाळणारी जोडीदार इथे वर्षभर फ्लॅटमध्ये अडकून बसते, आणि मग घरात बोलणं कमी होतं.

कागदांबद्दल दोनच गोष्टी. पहिली, जर्मनीसाठी अपोस्टिलवर (दाखला परदेशात ग्राह्य धरावा म्हणून मारलेल्या सरकारी शिक्क्यावर) पैसे घालवू नका. भारताच्या अपोस्टिल करारातल्या प्रवेशाला जर्मनीने हरकत घेतलेली आहे, त्यामुळे तो शिक्का इथे चालत नाही. इथल्या कार्यालयाला शंका आली तर दूतावासामार्फत वकील नेमून दाखल्याची मूळ नोंद तपासली जाते. त्यात महिने जातात आणि खर्च तुमचा. शंका बहुतेक नावावरून येते. बायकोच्या जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, पासपोर्टात तुमचं नाव, मुलीच्या दाखल्यावर आईचं नुसतं पहिलं नाव. आपल्याकडे यात कुणाला वावगं वाटत नाही, इथे त्या तीन वेगळ्या बायका होतात. मुलीच्या दाखल्यात आईचं पूर्ण नाव घालून घ्या. लग्नाच्या दाखल्यावर दोन्ही नावं नसतील तर राजपत्रात नाव प्रसिद्ध करून घ्या. महापालिकेतलं हे काम तिथे असतानाच होतं, इथून ते मामा-काकांना पिडत करावं लागतं.

दुसरी गोष्ट परवान्याच्या नूतनीकरणाची. मुदत संपण्याआधी अर्ज करा, एक दिवसही उशीर नको. कार्ड येईपर्यंत फिक्सिओन्सबेशायनिगुंग नावाचा घडीचा कागद देतात. काउंटरवरून हलण्याआधी तो उलगडा आणि कुठल्या चौकटीत फुली आहे ते बघा. वास्तव्य कायद्याच्या कलम ८१ परिच्छेद ४ ची, म्हणजे जुना परवाना चालूच असल्याची, फुली असेल तर भारतात जाऊन परत येता येतं. परिच्छेद ३ ची असेल तर देशात राहता येतं, पण बाहेर पडलात तर त्या कागदावर परत येता येत नाही. रात्री दोनला गावाहून फोन येतो तेव्हा ही फुली बघण्याची वेळ नसते.

आता मुलगी. म्युनिक म्हणजे बायर्न (बव्हेरिया) राज्य, आणि बायर्नमध्ये चौथीतच मुलांची वाटणी होते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी काढतात. इथे १ हा सर्वांत चांगला गुण. २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझियुम (विद्यापीठाकडे नेणारी शाळा), २.६६ पर्यंत रेआलशूल (मधली), त्यापुढे मिटेलशूल (कामधंद्याच्या शिक्षणाकडे नेणारी). निकाल मेच्या सुरुवातीला. तिसरी संपवून आलेल्या मुलीला जर्मन शिकायला जेमतेम आठ महिने मिळतात, आणि गणितातसुद्धा शाब्दिक उदाहरणं जर्मनमध्येच. पुण्यात पहिल्या पाचात असणारं मूल मग ‘मिटेलशूल योग्य’ असा शेरा घेऊन घरी येतं. नऊ वर्षांच्या पोराच्या गणिताचा निकाल त्याच्या व्याकरणावरून लावणाऱ्या या पद्धतीचा मला अजून राग येतो. माझं हे मत कुणी बदलू शकलेलं नाही.

यात एक सवलत आहे आणि पालक संमेलनात ती कोणी मोठ्याने सांगत नाही. मातृभाषा जर्मन नसेल आणि मूल पहिलीपासून इथल्या शाळेत नसेल, तर ३.३३ सरासरीपर्यंत गिम्नाझियुमची शिफारस करता येते, जर्मनमधली उणीव भरून निघण्यासारखी आहे असं शाळेला वाटलं तर. ऑक्टोबरमध्येच वर्गशिक्षिकेला भेटून हे विचारा, एप्रिलमध्ये विचारून काही होत नाही. शिफारस नाहीच मिळाली तर जर्मन आणि गणिताचा तीन दिवसांचा ‘प्रोबेउंटरिष्ट’, म्हणजे चाचणी-वर्ग, देता येतो. पुढे रेआलशूलमधून वर जाण्याच्या वाटा आहेत, लोक त्या सांगून धीरही देतात, पण मुलाला मधली वर्षं काढावी लागतात. तेव्हा शक्य असेल तर तिसरीच्या मध्यात या, किंवा नोकरी बर्लिन-ब्रांडेनबुर्गमध्ये शोधा, तिथे प्राथमिक शाळा सहावीपर्यंत आहे. पगार दोनपाच हजारांनी कमी असला तरी चालेल.

एकटेपणाबद्दल विचारलंत. असतो. महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती आहे, नोव्हेंबर लांबलचक आहे. पुढे.

आई-वडिलांना ‘नंतर बोलावून घेऊ’ असं लिहिलंत, ते वाचून जरा थांबायला झालं. १ मार्च २०२४ नंतर कुशल कामगार म्हणून पहिला परवाना मिळालेल्यांना पालकांना आणता येतं, कायद्यात तशी तरतूद आली आहे. पण त्यांचा खर्च आणि आरोग्य विमा आधी दाखवावा लागतो, आणि सत्तरीतल्या रक्तदाबाच्या रुग्णाला इथे परवडेल असा पुरेसा विमा मिळवणं हीच खरी भिंत आहे. ‘नंतर’ हा शब्द त्यांच्यासमोर जपून वापरा. आपण तो फार सहज बोलून जातो आणि ते तो खरा धरून बसतात.

राहतो भेटीचा शेंगेन व्हिसा, तेच ९० दिवस. तुम्ही इथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून हमीपत्र काढायचं, २९ युरो. त्यावर सही करताना लक्षात ठेवा, खर्चाची जबाबदारी पाच वर्षांपर्यंत तुमच्यावर राहू शकते. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा. जुलै २०२५ पासून नकारावर फेरविचाराचा अर्ज बंद झालाय, आता नवीन अर्ज करायचा किंवा बर्लिनच्या न्यायालयात जायचं. म्हणून फाइल पहिल्यांदाच भक्कम हवी: पेन्शनचं पासबुक, सातबारा किंवा फ्लॅटचा करार, मागे राहणाऱ्या भावंडांची माहिती, म्हणजे परत जाण्याचं कारण दिसेल असं सगळं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत देता येतो, तेव्हा मे-जूनच्या सुट्टीसाठीचा अर्ज जानेवारीतच टाका.