मिस्टरांना सीएमएल (एक प्रकारचा ब्लड कॅन्सर) निघालाय, गोळी कायमची सांगितलीय. संसार नीट चालेल ना?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिस्टर 38 वर्षांचे, सोलापुरात यंत्रमागावर कामाला, पाळी दर आठवड्याला बदलते. पांढऱ्या पेशी 1 लाख 80 हजार, प्लीहा वाढलेली, निदान सीएमएल, क्रॉनिक फेज म्हणजे आजाराचा सुरुवातीचा, संथ टप्पा. इमॅटिनिब 400 मिलीग्रॅमची गोळी सुरू झालीय. नातेवाईक ब्लड कॅन्सरची उदाहरणं देऊन घाबरवताहेत, मुलांना होईल का, एका ताटात जेवावं का, हीही धास्ती आहे. किती वर्षं हातात आहेत आणि पथ्य काय?

ताई, आधी वर्षांचं बोलू. ब्लड कॅन्सर या एकाच नावाखाली बरेच वेगवेगळे आजार येतात. नातेवाईक ज्याची उदाहरणं देताहेत तो बहुतेक दुसराच असेल, नाहीतर 2001 मध्ये ही गोळी यायच्या आधीचा काळ असेल. सीएमएलमध्ये बोन मॅरोतल्या, म्हणजे हाडांच्या आत जिथं रक्त तयार होतं तिथल्या, एका पेशीत 9 आणि 22 नंबरच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. त्यातून बीसीआर-एबीएल नावाचं जनुक तयार होतं आणि पेशी वाढतच राहतात. इमॅटिनिब नेमकं तेच काम रोखते. क्रॉनिक फेजमध्ये निदान झालं आणि गोळी लागू पडली, तर आयुष्य जवळपास चारचौघांइतकंच असतं. हा बिघाड जन्मानंतर होतो, त्यामुळे मुलांकडे जात नाही. एका ताटात जेवल्यानं तर नाहीच नाही.

धोका आहे तो बरं वाटायला लागल्यावरचा. काही आठवड्यांत पेशी खाली येतात, प्लीहा आत जाते, माणूस कामाला लागतो आणि मग 'आज राहू दे' सुरू होतं. महिन्यातून तीन-चार गोळ्या चुकल्या तरी रिपोर्टमध्ये फरक दिसू शकतो. पाळी बदलत असेल तर गोळी घड्याळाला न बांधता जेवणाला बांधा: दिवसातलं जे मोठं जेवण हमखास घरी होतं, त्याच्या शेवटच्या घासाला गोळी आणि वर पेलाभर पाणी. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळ ठरलेली. घेतल्या घेतल्या आडवं होऊ नये. गिळताना अडकत असेल तर 400 ची गोळी 200 मिली पाण्यात टाकून चमच्यानं ढवळायची, विरघळली की लगेच प्यायची, तळाशी राहिलेलं पुन्हा पाणी घालून प्यायचं. उलटी झाली तर त्या दिवशी दुसरी गोळी नको. चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन तर कधीच नकोत.

सकाळी डोळ्यांखाली सूज येईल, ती बहुतेकांना येते. मीठ कमी केल्यानं थोडा फरक पडतो. रात्री पोटऱ्यांत गोळे येतील. आपल्याकडच्या मे महिन्यात, त्यात मागाच्या शेडमधल्या घामानं, ते जास्तच येतात. पाणी वाढवा, झोपताना पोटऱ्या ताणा, कॅल्शियम-मॅग्नेशियम डॉक्टरांना विचारून. आठवड्यातून एकदा एकाच काट्यावर वजन करा. आठ-दहा दिवसांत दोन-तीन किलो वाढलं किंवा दम लागला तर अंगात पाणी साठतंय, लगेच दाखवा. ताप 100.4 च्या वर गेला तरी तसंच, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत, कारण तेव्हा चांगल्या पेशीही खाली जातात. म्हणूनच सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी, पहिला महिना दर आठवड्याला असते.

खाण्यात भाकरी, शेंगा चटणी, वरण सगळं चालतं. ग्रेपफ्रूट आणि पपनस मात्र टाळा, त्यानं औषधाचं रक्तातलं प्रमाण बिघडतं. फोडणीतली हळद चालेल, हळदीच्या कॅप्सूल नकोत. भस्मं, काढे, पपईच्या पानांचा रस हे सगळं प्रेमानं येईल, पण लिव्हरचा रिपोर्ट बिघडला की नेमकं कशानं ते कुणालाच सांगता येत नाही. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी इमॅटिनिबचं नाव आधी सांगा: टीबीची रिफॅम्पिसिन आणि फिटची फेनिटॉइन तिचा असर कमी करतात, क्लॅरिथ्रोमायसिन वाढवते.

पैशाचं म्हणाल तर मूळ कंपनीला भारतात पेटंट मिळालं नाही, 1 एप्रिल 2013 ला सुप्रीम कोर्टानं तो विषय संपवला. त्यामुळे जेनेरिक, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेली तीच गोळी, स्वस्तात मिळते. रेशनकार्ड-आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला भेटा, महात्मा फुले योजनेत काय बसतं ते विचारा. जिल्ह्यातच बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे, प्रत्येक वेळी मुंबई गाठायची गरज नाही.

काम सोडायला लावू नका. घरी बसवलेला माणूस खचतो. तरीही झोप उडाली, बोलणं तुटलं, तर मनाच्या त्रासासाठी सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, मोफत. तुम्हीही वापरा, सगळं तुमच्याच डोक्यावर आहे.

आता धीर कशाच्या जोरावर धरायचा ते सांगते. रक्तात बीसीआर-एबीएल किती उरलंय ते मोजणारी पीसीआर तपासणी दर तीन महिन्यांनी होते. तिसऱ्या महिन्यात आकडा 10 टक्के किंवा खाली, सहाव्यात 1, वर्षाला 0.1, ही वाट ठरलेली आहे. 0.05 चं 0.08 झालं तर रात्र जागून काढू नका, तपासणीत एवढं खालीवर होतं. सलग वाढत गेलं तर डॉक्टर आधी गोळ्या चुकल्या का विचारतील, तेव्हा खरं सांगा. तसं नसेल तर म्युटेशनची, म्हणजे त्या जनुकात आणखी बदल झालाय का याची, तपासणी होते आणि डॅसॅटिनिब, निलोटिनिब अशा पुढच्या गोळ्या आहेत. बरीच वर्षं आकडा अगदी तळाला राहिला तर काहींची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवतातही. त्यातल्या साधारण निम्म्यांना ती पुन्हा सुरू करावी लागते, आणि बहुतेकांचा आकडा परत खाली येतो.

लॅब एकच ठेवा, रिपोर्टवर इंटरनॅशनल स्केल (सगळ्या लॅबचे आकडे जुळावेत म्हणून ठरलेलं मोजमाप) लिहिलंय ना बघा. आणि सॅम्पल सोमवारी किंवा मंगळवारीच द्या. नळी पुण्या-मुंबईला जाते, शनिवारी दिली तर रविवारभर पडून राहते, ज्यावर तपासणी होते तो पेशींमधला नाजूक आरएनए खराब होतो आणि पुन्हा सुई. गोळी सुरू झालेल्या तारखेपासून तीन महिने मोजा आणि तो सोमवार आजच कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करा.