खेड्यातल्या लग्नांच्या ऑर्डरी घ्यायच्या आहेत (यवतमाळकडे). कॅननचा आर५० कॅमेरा पुरेल की आर६ मार्क २ घ्यावा?

पैसे घेऊन लग्नं काढायची असतील तर आर६ मार्क २ घ्या. मी मांडवात दोन्ही वापरतो. मेगापिक्सेल दोन्हींचे सारखेच, २४.२; त्यावर जाऊ नका. खरा फरक कार्डाच्या स्लॉटचा आहे: आर५० ला एकच, आर६ ला दोन, म्हणजे सेटिंग केलं की प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर उतरतो. मंगलाष्टकं पुन्हा होत नाहीत, त्यामुळे माझ्या लेखी एवढं एकच कारण पुरेसं आहे. हळदीच्या रात्री मिणमिणत्या बल्बखाली आर६ चा सुमारे अडीचपट मोठा सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) आणि बॉडीतलं स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) कामी येतं. वैशाखातल्या धुळीसाठी त्याला सीलिंग आहे, आर५० ला नाही.

बजेट आर६ च्या बॉडीतच (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यातच) संपत असेल तर मात्र आर५०, ५० एमएम एफ१.८ लेन्स आणि फ्लॅश घेऊन सुरुवात करा. दिवसाउजेडी फोटो उत्तम येतात. फक्त फ्लॅश घेताना बघा: आर५० च्या हॉट शूमध्ये (वर फ्लॅश बसवायच्या खाचेत) मधली जुनी पिन नाही, त्यामुळे गावोगावच्या स्टुडिओत असतात ते नेहमीचे फ्लॅश एडी-ई१ अडॅप्टरशिवाय चालत नाहीत.