वाचकांचे प्रश्न : लंडनच्या पाणथळात जूनमध्ये काय पाहावे?

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त असून दर हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला पक्षी पाहायला जातो. यंदा मे महिन्याच्या अखेरीस दोन महिन्यांसाठी लंडनला मुलाकडे जाणार आहोत. बार्न्स येथील लंडन वेटलँड सेंटरमध्ये तळे, बगीचे आणि पक्षी असे सारे एकाच जागी आहे, असे तो सांगतो. परंतु ते भर शहरातले, तिकीट लावलेले आणि मुद्दाम तयार केलेले ठिकाण आहे हे कळल्यावर आमचा उत्साह ओसरला. तेथे एक दिवस घालवावा का? पत्नीच्या गुडघ्यांना ते झेपेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दिवस अवश्य घालवावा; मात्र जानेवारीत नांदूर मध्यमेश्वरला चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावरून जे दिसते तेच जूनमध्ये बार्न्सला दिसेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

आपल्या ‘मुद्दाम तयार केलेले’ या आक्षेपाचे उत्तर आपल्या घराजवळच आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी सिंचनासाठी बंधारा बांधला गेला, त्यात वर्षानुवर्षे गाळ साचून उथळ पाणी आणि बेटे तयार झाली, त्यांवर पाणवनस्पती माजल्या आणि मग पक्षी आले. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत समावेश झाल्याचे जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेले महाराष्ट्रातील हे पहिले पाणथळ मुळात पाटबंधाऱ्याचे काम आहे. बांधणाऱ्यांच्या मनात ऊस असेल, बदके खचित नव्हती.

बार्न्सलाही आधी पाण्याचेच काम होते. टेम्स नदीच्या वळणावर, हॅमरस्मिथच्या समोरच्या काठाला, लंडनच्या पाणीपुरवठ्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बार्न एल्म्स नावाचे चार जलाशय बांधले गेले. शहराखालून जाणारी वर्तुळाकार मुख्य जलवाहिनी १९९०च्या दशकात पूर्ण झाल्यावर त्यांची गरज उरली नाही. तेव्हा सर पीटर स्कॉट यांनी १९४६ मध्ये स्थापन केलेली वाइल्डफाउल अँड वेटलँड्स ट्रस्ट ही संस्था, पाणीपुरवठा करणारी टेम्स वॉटर ही कंपनी आणि बर्कली होम्स ही बांधकाम कंपनी यांनी मिळून असा मार्ग काढला की, जागेच्या एका भागात घरे बांधावीत आणि त्या उत्पन्नाच्या आधारे उरलेल्या सुमारे ४२ हेक्टरांवर पाणथळ घडवावे. २००० साली ते लोकांसाठी खुले झाले. घरे बांधून पाणथळ वाचवणे ही गोष्ट आपल्याकडच्या वाचकाला उलटी वाटेल, कारण आपल्याला घरांसाठी पाणथळे बुजवलेली पाहण्याची सवय आहे.

खोल, काँक्रीटच्या काठांचे जलाशय जसेच्या तसे ठेवून भागण्यासारखे नव्हते. थापट्या, गडवाल, चक्रांग ही बदके बुडी न मारता मान खाली घालून चरतात, त्यामुळे त्यांना हातभर पाणी पुरते. त्याहून खोल पाण्यात त्यांची चोच तळाला पोहोचत नाही. चिखलात टोचून खाणाऱ्या पाणलाव्यांना तर पाणी हटलेले लागते. म्हणून येथे मुख्य तळे, देवनळाची बेटे, चराऊ दलदल आणि लहान डबकी वेगवेगळी केली असून त्यांतील पाण्याची पातळी माणसे ठरवतात. गोदावरीवर हे काम पावसाळा आणि कालव्याची आवर्तने करतात. या व्यवस्थेचे फळ लवकर दिसले. हिवाळ्यात येथे जमणाऱ्या गडवाल आणि थापट्या बदकांमुळे २००२ मध्ये या जागेला ब्रिटनमधील ‘विशेष वैज्ञानिक महत्त्वाचे स्थळ’ हा कायदेशीर दर्जा मिळाला. हीच दोन्ही बदके निफाड तालुक्यातल्या आपल्या नांदूर मध्यमेश्वरलाही येतात. फरक एवढाच की निफाडला येणारी उत्तर आणि मध्य आशियातून उतरतात, तर लंडनला येणारी उत्तर आणि पूर्व युरोपातून.

आता ऋतूचा प्रश्न. जूनमध्ये हिवाळी बदकांची मोठी गर्दी नसते. देवनळात दडून राहणारा, बगळ्याच्या कुळातला बिटर्नही येथे प्रामुख्याने हिवाळ्यातच दिसतो. त्याऐवजी सँड मार्टिन या भिंगरीच्या कुळातल्या पक्ष्यांसाठी उभारलेल्या कृत्रिम दरडीपाशी निवांत बसावे. हे पक्षी आफ्रिकेत हिवाळा काढून विणीसाठी येतात आणि दरडीतल्या भोकांमध्ये घरटी करतात. पिल्लांना भरवण्यासाठी चाललेली त्यांची ये-जा पाहण्यात तास कसा जातो ते कळत नाही. लालसर डोक्याची पिल्ले मागे घेऊन फिरणारे चांदवे (आपले वारकरी!) आणि चतुरांची वर्दळ ही उन्हाळ्याची आणखी दोन आकर्षणे होत. शक्य असल्यास जुलैची वाट न पाहता जूनच्या पहिल्या पंधरवड्यात जावे. जूनच्या उत्तरार्धापासून नर बदके पिसे झाडतात, रंग हरवून मादीसारखी दिसू लागतात आणि काही आठवडे उडूही शकत नाहीत. त्या काळात अनुभवी निरीक्षकही ओळख पटवताना चुकतात.

आणखी एक खुलासा आवश्यक आहे. प्रवेशद्वाराजवळच्या भागात जगभरच्या पाणपक्ष्यांचा पाळीव संग्रह आहे, त्याची नोंद वन्य पक्ष्यांच्या यादीत करू नये. तो हिणकस समजू नये, इतकेच. हवाई बेटांवरचा नेने हा हंसाच्या जातीचा पक्षी नामशेष होण्याच्या बेतात असताना हे केंद्र चालवणाऱ्या वाइल्डफाउल अँड वेटलँड्स ट्रस्टनेच इंग्लंडमधील स्लिमब्रिज येथे त्याची वीण करून तो वाचवण्यास हातभार लावला.

बगीचे सुंदर असले तरी माझ्या मते ते दुय्यम आहेत. त्यातला पावसाच्या पाण्याचा बगीचा मात्र चुकवू नये. छपरावरचे पाणी गटारात न सोडता झाडे लावलेल्या खोलगट वाफ्यांत कसे मुरवावे, हे तेथे दिसते, आणि घराभोवती थोडीशी जागा असलेल्या नाशिककराला त्याचा थेट उपयोग आहे.

वहिनींच्या गुडघ्यांची काळजी नको. वाटा सपाट आणि पक्क्या आहेत, बाके जागोजागी आहेत आणि पीकॉक टॉवर या तीन मजली निरीक्षणघराला लिफ्ट आहे. खरी अडचण पोहोचण्याची आहे. जुन्या पुस्तकांत हॅमरस्मिथहून थेट बस दाखवलेली असते. पण हॅमरस्मिथ पूल २०१९ पासून मोटारगाड्यांना बंद आहे, त्यामुळे पूल पायी ओलांडावा लागतो. त्यापेक्षा वॉटर्लूहून रेल्वेने बार्न्स स्थानकावर उतरून पुढचे अंतर टॅक्सीने जाणे आपल्याला सोयीचे पडेल. २५ डिसेंबर वगळता केंद्र वर्षभर खुले असते. जूनमध्ये लंडनला रात्री नऊपर्यंत उजेड असला तरी केंद्र त्याच्या कितीतरी आधी बंद होते, म्हणून सकाळी दार उघडतानाच पोहोचावे. दुर्बीण नाशिकहूनच न्यावी.