खलनायकाला नेमकं हवंय तरी काय?

भुतं, व्हॅम्पायर, दैत्य आणि शाप यांच्या मालिकांवरच्या वाचकांच्या काही प्रश्नांना या वेळी उत्तरं दिली आहेत. उत्तरांमध्ये कथेतली रहस्यं उघड होतात. ज्यांच्या मालिका बघायच्या राहिल्या आहेत त्यांनी जपून वाचावं.

प्रश्न : ‘सुपरनॅचरल’मध्ये सॅम आणि डीन हे भुता-दैत्यांची शिकार करणारे भाऊ आहेत. तिसऱ्या पर्वात लिलिथ ही राक्षसीण सॅमच्या जिवावर उठलेली असते. चौथ्या पर्वात कळतं की तिच्या मृत्यूशिवाय ल्युसिफर, म्हणजे सैतान, पिंजऱ्यातून सुटणारच नसतो आणि ती सॅमच्याच हातून मरते. मग आधी ती त्याला मारायला का निघाली होती?

तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलं आहे. पण आधी जे जुळतं ते बघू, कारण बरंच काही जुळतं.

ल्युसिफरचा पिंजरा उघडायचा तर सहाशेहून जास्त सीलांपैकी (म्हणजे जादुई कुलुपांपैकी) ६६ तोडावी लागतात. पहिलं सील म्हणजे एका सज्जन माणसाने नरकात रक्त सांडणं आणि शेवटचं म्हणजे खुद्द लिलिथचा मृत्यू. सॅमला जिवंत करण्यासाठी डीनने स्वतःचा आत्मा गहाण टाकलेला असतो आणि तो करार लिलिथच्या ताब्यात असतो. मुदत संपल्यावर डीन नरकात जातो, तिथली ३० वर्षं छळ सोसतो आणि शेवटी मोडून पडून स्वतःच इतरांचा छळ करायला लागतो. पहिलं सील तिथे तुटतं. त्यामुळे तिसऱ्या पर्वात लिलिथ करारातून डीनला का सोडत नाही, याचं उत्तर मागे वळून पाहिलं की चोख बसतं.

गाडी अडते ती सॅमपाशी. तिसऱ्या पर्वात आपल्याला सांगितलं जातं की लिलिथ त्याला प्रतिस्पर्धी मानते. पर्वाच्या शेवटच्या भागात (मे २००८) ती त्याच्यावर पांढऱ्या प्रकाशाचा लोळ सोडते. त्याला काहीच होत नाही, आणि हे बघून ती स्वतःच हादरते. म्हणजे तो धाक दाखवण्याचा प्रकार नव्हता, तिला त्याला खरंच संपवायचं होतं. आणि पुढे पाचव्या पर्वात कळतं की सॅमचं शरीर ल्युसिफरसाठी राखून ठेवलेलं होतं! निष्ठावंत दासी धन्याचाच अंगरखा जाळायला निघाली होती, असा याचा अर्थ होतो.

बचाव करायचा झाला तर एकच धागा हाती लागतो. चौथ्या पर्वाच्या १८व्या भागात ती सॅमपुढे सौदा ठेवते : सील तोडणं थांबवते, बदल्यात तुम्हा दोघा भावांचे जीव द्या. प्रलय बघायला आपण उरणार नाही हे तिला कळलेलं असतं. तिला मरायचं नव्हतं असं धरलं तर सॅमला आधीच मारून टाकण्यात काही अर्थ निघतो. पण मग तीच बाई एकामागून एक सील तोडत का सुटते, या प्रश्नापुढे हा बचावही तोकडा पडतो. आमचं मत असं, की कराराचा धागा नीट विणलेला आहे आणि सॅमवरचा हल्ला हे उघडं पडलेलं ठिगळ आहे.

पडद्यामागचंही लक्षात घ्यायला हवं. २००७-०८ मधला हॉलिवूडच्या लेखकांचा संप १०० दिवस चालला आणि आधीची दोन पर्वं २२-२२ भागांची असताना तिसरं १६ भागांत गुंडाळावं लागलं. देवदूत आणि सीलं हा सगळा डोलारा चौथ्या पर्वात उभा राहिला. ‘गादीवर कोण बसणार’ या गोष्टीत प्रतिस्पर्ध्याला मारणं शहाणपणाचं असतं, ‘प्रलय कसा घडवायचा’ या गोष्टीत ते वेडेपणाचं ठरतं. गोष्ट बदलली आणि लिलिथ जुनाच हेतू घेऊन नव्या गोष्टीत शिरली. दीर्घ मालिकांमधल्या हेतूंच्या गोंधळाचं हे सर्वांत नेहमीचं कारण आहे. म्हणून एखाद्या खलनायकाचं वागणं विचित्र वाटलं तर आधी पर्वांचा सांधा कुठे आहे ते पाहावं.

प्रश्न : ‘बफी’ या व्हॅम्पायर मारणाऱ्या मुलीच्या मालिकेत एंजल या व्हॅम्पायरला दिलेला शाप कोणत्या डोक्यातून निघाला असेल? आत्मा परत दिला, पण तो क्षणभर पूर्ण सुखी झाला की आत्मा जाणार आणि तो पुन्हा खुनी होणार. यात नुकसान शाप देणाऱ्यांचं आणि निरपराध लोकांचंच!

या शापाकडे शिक्षा म्हणून पाहिलं तर तो बिनडोक आहे, सूड म्हणून पाहिलं तर पटतो. १८९८ मध्ये एंजलने एका भटक्या टोळीतली लाडकी मुलगी मारली आणि त्या टोळीने त्याला हा शाप दिला. टोळीला जगाचं रक्षण करायचं नव्हतं. त्याने प्रत्येक श्वासागणिक तळमळावं एवढंच तिला हवं होतं. सुखी झाला तर तळमळ संपली, आणि तळमळ संपली की आत्मा त्याच्याकडे ठेवण्याचं कारणही संपलं. दुसऱ्या पर्वात टोळीतला म्हातारा त्याच टोळीच्या जेनीला हेच ऐकवतो, की आपण न्यायासाठी नाही, सूडासाठी आहोत. त्यामुळे हेतूबद्दल आमची तक्रार नाही.

तक्रार आहे ती माहितीच्या वाटपाबद्दल. अट एंजलला माहीत नाही. त्याच्यावर नजर ठेवायला पाठवलेल्या जेनीलाही फक्त ‘बफी आणि एंजलला दूर ठेव’ एवढंच सांगितलेलं असतं, न ठेवलं तर काय होईल हे सांगितलेलं नसतं. जिला पहारा द्यायला बसवलं तिलाच कशावर पहारा द्यायचा हे सांगायचं नाही? सूडाने पेटलेल्या माणसांचा अडाणीपणा म्हणून ते चालवून घेता येतं, पण खरं कारण उघड आहे : जेनीला माहीत असतं तर तिने पाचव्या मिनिटाला सांगून टाकलं असतं आणि पर्वाचा मधला धक्काच गेला असता. पात्राने एखादी गोष्ट लपवली आणि लपवण्याचं कारण पात्राकडे नसून फक्त लेखकाकडे आहे, असं दिसलं की ती कथानकातली फट समजावी.

याच मालिकेतली खरी, न बुजणारी फट हवी असेल तर पहिल्या पर्वाचा शेवट बघा. बफी पाण्यात बुडालेली असते. एंजल बफीच्या मित्राला, झेंडरला म्हणतो, माझ्यात श्वास नाही, तूच तिच्या तोंडात हवा भर. झेंडर ते करतो. आता श्वास नसेल तर एंजल बोलतो कसा? दुसऱ्या पर्वात आलेला स्पाइक हा व्हॅम्पायर तर सिगारेटी ओढतो. हवा आत घेऊन बाहेर सोडता आली की तोंडाने श्वास देता येतो, बाकी कशाची गरज लागत नाही. झेंडरला त्या प्रसंगात काम हवं होतं, म्हणून नियमाला मुरड घातली गेली.

प्रश्न : शेकडो वर्षं जगलेला, सगळ्यांपेक्षा ताकदवान खलनायक नायिकेला पहिल्याच भागात का संपवत नाही? नुसत्या धमक्या देत का बसतो?

कारण बहुतेक वेळा त्याला ती जिवंत लागते, आणि लेखक ते कारण आपल्याला उशिरा सांगतो. ते कारण भक्कम असेल तर धमक्या खपतात. ‘द व्हॅम्पायर डायरीज’मधला क्लाउस याचा चांगला नमुना आहे. त्याला स्वतःवरचं बंधन तोडून अर्धा व्हॅम्पायर, अर्धा लांडगा व्हायचं असतं. त्यासाठी चंद्रकांत मणी, पौर्णिमा, चेटकीण, एक व्हॅम्पायर, एक मानवी लांडगा आणि ठरावीक चेहऱ्याची प्रतिरूप मुलगी, म्हणजे नायिका एलेना, एवढं सगळं एका रात्री एका जागी लागतं. चेहरा जुळणारी मुलगी पाचशे वर्षांनी सापडलेली. घाई कशी करणार?

इथे लेखकांनी एक झकास चाल खेळली. आधी सगळ्यांना ‘सूर्य-चंद्राचा शाप’ माहीत असतो, की तो मोडला तर एका जमातीचं बंधन सुटेल. पुढे कळतं की ती दंतकथाच क्लाउस आणि त्याच्या भावाने पिकवलेली. व्हॅम्पायर आणि लांडगे दोघांनीही आपल्यासाठी मणी आणि मुलगी शोधत फिरावं, हा हेतू. आधीच्या भागांतली विसंगती खोटेपणाच्या खात्यावर जमा झाली आणि खलनायक आणखी हुशार दिसला.

तिसऱ्या पर्वात तर एक भोकच दार म्हणून वापरलं आहे. बंधन तोडायचं तर एलेना मरायला हवी. ती मरते, पण वेगळ्या जादूने परत येते. क्लाउस आपल्यासारखे नवे संकरित बनवायला जातो तर ते रक्तबंबाळ होऊन मरतात. त्याला वाटतं, एलेना जिवंत राहिली म्हणून हे होतंय. मग कळतं ते उलटंच : संकरित जगायला तिचंच जिवंत रक्त लागतं. ज्या चेटकिणीने बंधन घातलं ती त्याची आई. मुलगी मारल्याशिवाय बंधन तुटू नये आणि मारली तर वंश वाढू नये, अशी तिने केलेली कोंडी. दोन परस्परविरोधी अटींना द्वेषाचं एक कारण मिळालं आणि सगळं ताळ्यावर आलं.

आता याचीच वाईट बाजू. त्याच पर्वात पुढे नियम येतो, की मूळच्या, म्हणजे सर्वांत पहिल्या व्हॅम्पायरांपैकी एक मेला की त्याने सुरू केलेली अख्खी वंशावळ मरते. हा नियम आला तो मूळच्यांना मारण्याचं हत्यार नायकांच्या हाती पडल्यावर. खलनायकाला वाचवायची गरज पडली आणि त्याच वेळी नियम सापडला, हे प्रेक्षकाच्या नजरेतून सुटत नाही.

प्रश्न : दैनंदिन मालिकेतला राक्षसी खलनायक सहा महिन्यांत रडका प्रेमी कसा होतो?

लोकांना तो आवडला म्हणून. जुनं उदाहरण ‘डार्क शॅडोज’ (१९६६ ते १९७१, १२२५ भाग). व्हॅम्पायर बार्नबस त्यात १९६७ मध्ये आला तो थोड्या दिवसांचा पाहुणा म्हणून. पहिल्या महिन्यांत तो गावातल्या मॅगीला पळवून तिला आपली मेलेली प्रेयसी जोझेट बनवायला बघतो, क्रूर आहे. लोकप्रियता वाढल्यावर त्याला मारणं परवडेना. मग कथा थेट १७९५ मध्ये नेली आणि तो शापित, दुखावलेला प्रियकर होता हे दाखवलं. युक्ती चांगली आहे, पण मॅगीवर त्याने केलेले अत्याचार त्या दुःखाने पुसले जात नाहीत. अशा वेळी लेखक सहसा बळी पडलेल्या पात्राची आठवण पुसून टाकतात. इथेही मॅगीची पुसली. खलनायक सुधारल्यावर त्याच्या जुन्या बळींना काय आठवतं, एवढं तपासलं की मालिका किती प्रामाणिक आहे ते समजतं.

प्रश्न : आम्ही तिघं मिळून दहा भागांची भयमालिका लिहितो आहोत. खलनायकाला नायिकेचं रक्त हवं आहे. फटी आधीच कळाव्यात म्हणून काय करावं?

‘रक्त हवं आहे’ ही मागणी झाली, हेतू अजून ठरलेला नाही. चार प्रश्नांची एकेका वाक्यात उत्तरं लिहा : रक्त कशासाठी? हिचंच का? आत्ताच का, दहा वर्षांपूर्वी का नाही? आणि तो स्वतः जाऊन का घेत नाही? चौथ्या प्रश्नावर बहुतेक पटकथा आडव्या होतात. माणसं पाठवण्याचं कारण ‘तो सावलीत राहतो’ असं असेल, तर आठव्या भागात तो बाजारात फिरताना दिसता कामा नये.

नंतर खलनायकाची रोजनिशी लिहा. प्रत्येक भागासाठी तीनच ओळी : तो कुठे आहे, त्याला काय माहीत आहे, मागच्या भागापासून त्याने काय केलं. मालिकेत दिसो न दिसो. चौथ्या ते सहाव्या भागात तिसरी ओळ कोरी राहिली, तर नायिका शोध घेत असताना तुमचा पाताळयंत्री माणूस नुसता बसून आहे. हे फार वेळा होतं.

नियम पाच-सहाच ठेवा आणि मापासकट लिहा. ‘त्याला रूप बदलता येतं’ एवढ्याने भागत नाही. किती वेळ टिकतं, आवाज बदलतो का, कपडे बदलतात का, आणि ज्याचं रूप घेतलं त्याच्या आठवणी मिळतात का? गडबड आठवणींपाशीच होते. तिसऱ्या भागात तो बहिणीचं टोपणनाव चुकतो म्हणून पकडला जातो आणि सातव्यात लहानपणीचे किस्से घडाघडा सांगतो. प्रत्येक नियमापुढे तो पहिल्यांदा कोणत्या भागात दिसला आणि कोणाला माहीत आहे, हेही लिहून ठेवा. मंतरलेली सुरी, ताईत, पोथी अशा वस्तू प्रत्येक भागाच्या शेवटी कोणाकडे आहेत याची वेगळी नोंद हवी.

सर्वशक्तिमान हत्यार टाळाच. ‘सुपरनॅचरल’मध्ये कशालाही मारू शकणारी कोल्ट बंदूक पहिल्या पर्वात आली. पाचव्यात ल्युसिफरच्या कपाळावर ती चालवली, तेव्हा तो उठून म्हणतो की सृष्टीत फक्त पाच गोष्टी या बंदुकीने मरत नाहीत आणि मी त्यातला एक. प्रसंग रंगला, पण तो नियम त्याच क्षणी जन्माला आला होता.

याउलट हिरण्यकशिपूची गोष्ट बघा. माणूस नाही, पशू नाही, घरात नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही, शस्त्राने नाही. सगळ्या अटी आधी सांगून झालेल्या. नरसिंह संध्याकाळी उंबरठ्यावर नखांनी फाडतो, तेव्हा एकही नवा नियम लागत नाही. तुमच्या खलनायकाचं मर्म शेवटाआधी किमान दोनदा दिसलेलं असावं, आणि पहिल्यांदा ते मर्म आहे असं वाटू नये.

हे सगळं झालं की मालिकेशी संबंध नसलेल्या कोणाला तरी वाचायला द्या आणि खलनायकाच्या प्रत्येक प्रसंगानंतर एकच विचारा, ‘याला आत्ता काय हवंय?’ उत्तर द्यायला तीन वाक्यं लागली तर तो प्रसंग पुन्हा लिहा.

प्रश्न : भूत भिंतीतून आरपार जातं, मग जमिनीतून खाली का पडत नाही?

पडलं असतं तर मालिका पहिल्याच भागात तळघरात संपली असती. हा संकेत आहे, नाटकात पात्रं प्रेक्षकांकडे तोंड करून बोलतात तसाच. याला फट म्हणायचं नाही. मात्र तेच भूत दहाव्या भागात बाहेरून लावलेल्या कडीमुळे खोलीत अडकलं, तर जरूर पत्र पाठवा.