जर्मनमध्ये ‘चिल’ कसे मारावे?

प्रश्न : मी मोरजी येथील एका होमस्टेच्या इंग्रजी माहितीपत्रकाचे जर्मन भाषांतर करत आहे. त्यात ‘कम अँड चिल’, ‘क्रॅश अ‍ॅट अवर प्लेस’ आणि ‘डोन्ट बेल ऑन अस’ अशी वाक्ये आहेत. माझ्या छोट्या शब्दकोशात ‘क्रॅश’चे आदळणे, कोसळणे एवढेच अर्थ मिळाले. ही क्रियापदे कशी उतरवावीत? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : पहिले वाक्य सर्वांत सोपे आहे, कारण ‘चिल’ जर्मनांनी तसाच उचलला आहे. आपण परक्या शब्दापुढे ‘मारणे’ किंवा ‘करणे’ ठेवतो. जर्मनमध्ये मात्र त्यालाच प्रत्यय लावून ‘चिलन’ करतात आणि घरच्या क्रियापदाप्रमाणे चालवतात. ‘इश चिले’ म्हणजे मी चिल मारतो, आणि त्याचे भूतकालवाचक रूप ‘गेचिल्ट’. आपल्याकडे साठीतली जोडपी उतरत असतील, तर ‘झिश एंटश्पानन’, म्हणजे निवांत होणे, अधिक शोभेल. (माझे ऐकाल तर आपला ‘सुशेगाद’ तसाच छापून शेजारी त्याचा जर्मन अर्थ द्यावा.)

खरी अडचण ‘क्रॅश’ची आहे. इंग्रजी बोलीत इथे त्याचा अर्थ कुणाकडे रात्रीपुरती पथारी टाकणे असा आहे. जर्मनमध्येही ‘क्रॅशन’ आहे, पण ते गाडी आदळण्यासाठी, संगणक बंद पडण्यासाठी किंवा आमंत्रण नसताना पार्टीत घुसण्यासाठी वापरतात. त्यामुळे ‘आमच्याकडे क्रॅश व्हा’ असे शब्दशः लिहिल्यास पाहुण्याला अपघाताचे निमंत्रण मिळाल्यासारखे वाटेल. मित्राच्या घरी पथारी टाकण्यासाठी बोलीत ‘पेनन’ हे क्रियापद आहे आणि अर्थाने ते इंग्रजी शब्दाच्या सर्वांत जवळ जाते. तरीही ते मी माहितीपत्रकात घालणार नाही, कारण त्यावरूनच झालेला ‘पेनर’ हा शब्द रस्त्यावर झोपणाऱ्या माणसासाठी हिणवून वापरला जातो, आणि ‘पेनन’ला शोभते ती मित्राची फुकटची चटई, भाडे मोजून येणाऱ्या पाहुण्यासाठी ‘यूबरनाख्टन’, म्हणजे मुक्काम करणे, हेच योग्य. मूळ वाक्यातला सैलपणा त्यामुळे हरवतो असे वाटल्यास तो संबोधनातून परत आणता येतो : आदरार्थी ‘झी’ऐवजी सलगीचे ‘दू’, किंवा अनेकांना उद्देशून ‘ईर’, वापरावे. मात्र एकदा सलगी धरली की ती शेवटच्या ओळीपर्यंत निभवावी लागते. एका परिच्छेदात ‘तू’ आणि दुसऱ्यात ‘आपण’ हे मराठीत जसे खटकते, तसेच जर्मनमध्येही.

‘बेल’साठी, म्हणजे ठरवून ऐनवेळी टांग देण्यासाठी, एकच क्रियापद शोधू नये. ठरलेल्या वेळी न येऊन कुणाला ताटकळत ठेवणे म्हणजे ‘फेअरझेत्सन’, मैफलीतून सटकणे म्हणजे ‘आपहावन’, आणि आधी कळवून बेत रद्द करणे म्हणजे ‘आपझागन’. मालकांना बहुधा ‘येणे जमत नसेल तर वेळेवर कळवा’ एवढेच सांगायचे असावे. तेव्हा ‘रेश्टत्साइटिश आपझागन’ पुरे.

प्रश्न : मग कोणत्याही इंग्रजी क्रियापदाला जर्मन प्रत्यय लावला तर चालेल का? (एक विद्यार्थी, फोंडा)

उत्तर : रुळलेल्यांनाच लावावा. ‘गूगल्न’ 2004 मध्ये डूडेन कोशात आले आणि त्याचे ‘गेगूगल्ट’ हे रूप आज कुणालाही परके वाटत नाही. परंतु बोलीतले शब्द लवकर शिळे होतात, मग ते घरचे का असेनात. 2009 मध्ये जर्मनीत वर्षाचा युवाशब्द, म्हणजे तरुणांच्या बोलीतला शब्द, म्हणून निवडलेले ‘हार्त्सन’, म्हणजे काम न करता बसून राहणे, हे ‘हार्त्स चार’ या बेकारी भत्त्याच्या लोकप्रिय नावावरून आले होते. 2023 मध्ये त्या भत्त्याची जागा ‘ब्युर्गरगेल्ट’ या नव्या व्यवस्थेने घेतली. गृहपाठात ‘हार्त्सन’ लिहिल्यास आपल्या शिक्षकांना ते कळेल, पण आपण शब्द कुठल्या काळातून आणला हेही कळेल.