स्वमग्न (ऑटिस्टिक) प्रौढांनी मदतनीस श्वान शोधताना

आपण जळगावात राहता आणि स्वतःसाठी प्रशिक्षित श्वान शोधत आहात, म्हणून सविस्तर लिहितो. आधी त्याचे काम ठरवा: गोंगाटाने जीव कासावीस झाल्यावर मांडीवर भार देऊन शांत करणे, स्वतःला इजा करणारी हालचाल नाकाने ढुशी देऊन थांबवणे, की गर्दीतून बाहेर नेणे. असे ठरावीक काम शिकलेला श्वानच मदतनीस ठरतो. केवळ सोबतीने बरे वाटणे हेही मोलाचे आहे, पण ते वेगळे.

पूर्ण प्रशिक्षणाला साधारण दीड ते दोन वर्षे लागतात, त्यामुळे आठवड्याभरात तयार श्वान आणि प्रमाणपत्र देऊ करणाऱ्याला आगाऊ रक्कम देऊ नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, म्हणून यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) अवश्य काढा. मात्र त्यामुळे श्वानाला सर्वत्र प्रवेश मिळेल असे गृहीत धरू नका, जिथे श्वान न्यायचा त्या कार्यालयाची लेखी परवानगी आधीच घ्या.

सर्वांत अधिक विचार उन्हाचा करा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तापलेल्या डांबरावर पंजे भाजतात, आणि दाट केसांच्या लॅब्राडोरला दुपारी बाहेर नेणे क्रूरपणाचे होते. म्हणून उष्णतेला सरावलेला, शांत स्वभावाचा तरुण देशी श्वान निवडून अनुभवी प्रशिक्षकाकडून तुमच्यासमवेत शिकवून घेणे मला अधिक योग्य वाटते. निवडीपूर्वी त्याच्यासोबत पुरेसा वेळ घालवा. त्याचे भुंकणे, वास आणि लाळ तुम्हाला सोसते का, हे तुमच्याशिवाय कोणीही ठरवू शकत नाही.